आवडत्या पुस्तकातल्या पाककृती मापं पाळूनही बिघडतात. असं का होतं? कोणी एकेक कृती तपासून पाहिली आहे का?

हो, मी गेली चार वर्षं तेच करते आहे.

माझं माहेर साताऱ्याचं, सासर वेंगुर्ल्याचं. लग्नात आईने तिचं पाककृतींचं पुस्तक माझ्याबरोबर दिलं, मापाच्या वाटीसकट. मुखपृष्ठ केव्हाच गळून गेलंय, पण साताऱ्यात त्यातली कृती फसल्याचं मला आठवत नाही. इथे मात्र तेच पुस्तक, तीच वाटी आणि पदार्थ वेगळेच होऊ लागले. म्हणून प्रत्येक कृती तीनदा करून समासात पेन्सिलीने लिहायला लागले.

सगळ्यात जास्त शिकवलं उकडीच्या मोदकांनी. पुस्तकात 1 वाटी पिठीला 1 वाटी पाणी. गणेश चतुर्थीला हे माप चोख निघालं, उकड मऊसूत आणि कळ्या उभ्या राहिलेल्या. तीच कृती पौषातल्या संकष्टीला केली तर उकड बोटांना चिकटली आणि मोदक चाळणीतच बसले. सासूबाईंनी पिठी चिमटीत घेऊन एवढंच विचारलं, "ह्या नव्या तांदळाचा पीठ मा?" तिथे उलगडा झाला. आमच्याकडे भातकापणी दसरा-दिवाळीच्या सुमारास होते. चतुर्थीला घरात असतो तो जवळजवळ वर्षभराचा जुना, सुकलेला तांदूळ. तो पाणी पितो. पौषात नवा आलेला असतो, ओलसर आणि चिकट. आता नव्या तांदळाच्या पिठीला मी पाऊण वाटीच पाणी घेते. उरलेलं पाव वाटी गरम करून बाजूला ठेवते आणि मळताना लागलं तरच हाताला लावते. पुस्तकातलं माप खोटं नव्हतंच, ते जुन्या तांदळाचं होतं.

आंबोळीचंही तसंच. "पीठ 12 तास आंबवावं" हे घाटावरच्या थंडीत बरोबर आहे. वेंगुर्ल्यात मे महिन्यात पीठ 6 तासांत फुगून वर येतं, बाराव्या तासाला आंबट ढाण होतं. तेव्हापासून मी घड्याळाऐवजी पातेल्याकडे बघते. पीठ फुगलं, वर बुडबुडे आले की तवा ठेवते.

सोलकढीत मी स्वतः बदल केला होता. पुस्तकात आमसुलं भिजत घालायला सांगितली होती, घरात आगळ, म्हणजे कोकमाचा टिकाऊ रस, होतं म्हणून तेच वापरलं आणि मीठ मात्र पुस्तकाप्रमाणे घातलं. आगळ टिकावं म्हणून त्यात मीठ घातलेलंच असतं! सगळी सोलकढी खारट झाली. जिन्नस बदलला की त्याच्यासोबत काय काय येतं ते आधी चाखून बघा. "एक नारळ" या मापावरही विसंबू नका. आमच्याच दारच्या दोन माडांचे नारळ सारखे नसतात, म्हणून मी खवलेलं खोबरं वाटीने मोजते.

बांगड्याच्या कालवणात तिरफळं (कोकणात माशांना लावतात ती मसाल्याची फळं) वाटणात वाटायला लिहिली होती. मी वाटली, कालवण कडवट झालं. आता आतली काळी बी काढून टाकते, साल नुसती ठेचते आणि मासे घालतानाच टाकते. हे तपासायला मला ऑगस्टपर्यंत थांबावं लागलं, कारण 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते आणि बर्फातल्या मासळीवर कृती पारखणं मला पटत नाही.

तुम्हाला करायचं असेल तर पहिल्यांदा काहीही न बदलता करा, अगदी चुकीचं वाटलं तरी. दुसऱ्यांदा एकच गोष्ट बदला. दोन बदललीत तर कशामुळे सुधारलं ते कळणार नाही. तिसऱ्यांदा तेच परत करून बघा, कारण एकदा जमलेलं पुन्हा जमेलच असं नाही. तारीख, तांदूळ जुना की नवा, नारळ कुठला, हे सगळं त्याच पानावर लिहा.

सांदणांचं, म्हणजे फणसाचा रस आणि तांदळाची कणी घालून वाफवलेल्या गोड वड्यांचं, माझं पान अजून अर्धंच आहे. दर वेळी बरक्या (मऊ गऱ्यांच्या) फणसाचा रस वेगळा निघतो, कधी दाट तर कधी पाण्यासारखा, आणि कणीचं प्रमाण हुकतं. तिसरी खेप येत्या मे महिन्यात करीन. तुमची कुठली कृती बिघडली ते कमेंटमध्ये लिहा, पण महिना आणि तांदूळ कुठला तेही सांगा.