बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्यात संध्याकाळच्या खासगी मैफलीचे निमंत्रण आले आहे. जाताना काय लक्षात ठेवावे?

दिवसा तिकीट काढून राजवाडा पाहण्यापेक्षा या मैफलीत वेगळे काय असेल, असेही आपण विचारले आहे. काही वर्षांपूर्वी दरबार हॉलमधील अशाच एका निमंत्रितांच्या मैफलीला मी गेलो होतो. त्यावरून एवढेच आग्रहाने सांगेन की पत्रिकेवर कोणतीही वेळ छापलेली असो, शक्य झाल्यास दिवस मावळण्यापूर्वी हॉलमध्ये पोहोचावे.

कारण तेथील खिडक्या. त्यांतील बेल्जियमची रंगीत काचचित्रे बाहेर उजेड असेपर्यंतच आतून खुलतात. अंधार पडून आतले दिवे लागले की तीच तावदाने काळपट दिसू लागतात. मला जेमतेम दहा मिनिटांचा उजेड मिळाला आणि माझ्यामागून आलेल्या मंडळींना ते रंग दिसलेच नाहीत. व्हेनिसच्या धर्तीची मोझेक फरशीही तेव्हाच पाहून घ्यावी, कारण मैफलीसाठी बिछायत अंथरली की तिचा बराचसा भाग झाकला जातो. एवढ्या मोठ्या दालनात मध्ये एकही खांब नाही, त्यामुळे कोठेही बसले तरी गायक दिसतो. मात्र मी मागे बसलो होतो आणि द्रुत लयीत तबल्याचे बोल एकमेकांत मिसळत असल्यासारखे वाटत होते. आपण पुढे बसावे.

हा राजवाडा महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी बांधून घेतला. काम 1878 मध्ये सुरू झाले; मूळ आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा, परंतु 1881 मध्ये त्यांचे निधन झाल्यावर रॉबर्ट फेलोज चिझम यांनी ते 1890 मध्ये पूर्णत्वास नेले. (बकिंगहॅम पॅलेसच्या चौपट वगैरे तुलना आपल्याला तेथे चार जण तरी ऐकवतील; हसून सोडून द्यावी.) नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याहून दत्तक आलेल्या या राजाच्या दरबाराने संगीतालाही आश्रय दिला आणि उस्ताद फैयाज खाँ हे बडोद्याचेच दरबारगायक होते, हे ठाऊक असले म्हणजे त्या शहरात खयाल ऐकताना मन थोडे अधिक सावध होते.

राजघराण्याचे वास्तव्य आजही या वास्तूतच आहे. त्यामुळे आपण कोणाच्या तरी घरी आलो आहोत, या भावनेने वागावे: न विचारता छायाचित्रे काढू नयेत आणि उघडे दिसले म्हणून दुसऱ्या दालनात शिरू नये. राजा रविवर्मा यांची चित्रे निवांतपणे पाहायची असतील, तर त्यासाठी दुसऱ्या दिवशी आवारातील महाराजा फत्तेसिंह संग्रहालयात जावे; मैफलीच्या गर्दीत ते जमत नाही. पोशाखाबद्दल फार चिंता नको. साधी रेशमी साडी किंवा झब्बा पुरेसा होतो, मात्र पादत्राणे सहज काढता-घालता येतील अशी असावीत. आवार अतिशय विस्तीर्ण असल्यामुळे फाटकापासून बरेच चालावे लागू शकते, म्हणून सोबत ज्येष्ठ मंडळी असल्यास वाहन कोठपर्यंत सोडतात, हे यजमानांना आधीच विचारून ठेवावे.

निघताना मात्र घाई करू नये. हॉलमधले दिवे मालवण्यापूर्वी बाहेर येऊन मागे वळलात, तर आतून काळवंडलेल्या त्याच काचा बाहेरून उजळलेल्या दिसतील.