अमेरिका की जर्मनी? आणि त्याआधी तुझ्या ब्रॅकेटबद्दल

पुण्यात मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहेस, रॉकेटवर काम करायचंय, मास्टर्सला अमेरिकेत जावं की जर्मनीत, असं विचारलंयस. शिवाय सगळा बाजार स्पेसएक्सने खाल्ल्यावर युरोपात येण्यात अर्थ आहे का, हेही. तुझ्या सीव्हीतल्या ब्रॅकेटवर, म्हणजे भाग धरून ठेवणाऱ्या आधारावर, शेवटी येते. मी सांगलीची, स्टुटगार्टला शिकले आणि आता ब्रेमेनमध्ये रॉकेटच्या टाक्यांच्या रचनेवर काम करते. तेव्हा इथलं सगळं आतून पाहिलेलं सांगते.

अमेरिकेचं लगेच सांगून टाकते. तिथे रॉकेटचं तंत्रज्ञान शस्त्रास्त्रांच्या निर्यात नियमांत येतं, आयटार म्हणतात त्याला. त्यामुळे रॉकेट कंपन्या सहसा नागरिकांना आणि ग्रीन कार्डवाल्यांनाच घेतात. आपल्या लोकांची ग्रीन कार्डची रांग तुला माहीतच आहे. विद्यापीठ उत्तम मिळेल, पण पदवीनंतर रॉकेटला हात लागणं फार अवघड.

आता युरोप. २०१४ च्या डिसेंबरात इथल्या देशांनी एरियान ६ हे रॉकेट बांधायचं ठरवलं: एकदाच उडणारं, पण आधीच्यापेक्षा स्वस्त. बरोबर एका वर्षाने स्पेसएक्सच्या फाल्कन ९ रॉकेटचा पहिला, म्हणजे खालचा, टप्पा उड्डाण करून परत जमिनीवर उभा राहिला. एरियान ६ पहिल्यांदा उडालं ते थेट जुलै २०२४ मध्ये. इथले लोक आळशी होते म्हणून असं झालं नाही. एरियान बांधणाऱ्या एरियानग्रुप कंपनीच्या तेव्हाच्या प्रमुखांनी २०१८ मध्ये उघडपणे हिशोब मांडला होता: वर्षाला जेमतेम दहा उड्डाणं, एक रॉकेट दहादा वापरलं तर कारखान्याने वर्षभरात एकच रॉकेट बांधायचं का? हे गणित बरोबर होतं. फक्त 'वर्षाला दहा' हा आकडा त्यांनी पक्का धरला. स्पेसएक्सने २०१९ पासून स्वतःचेच इंटरनेट देणारे स्टारलिंक उपग्रह साठ-साठच्या गठ्ठ्याने वर पाठवायला सुरुवात केली आणि तो आकडाच बदलून टाकला. एरियान ५ ने १९९६ ते २०२३ या सत्तावीस वर्षांत ११७ उड्डाणं केली. फाल्कनने एकट्या २०२४ मध्ये १३० च्या वर केली.

खर्च उतरला की मागणी बदलते, मागणी बदलली की कारखाना बदलतो, आणि कारखाना बदलला की खर्च पुन्हा उतरतो. आपण कॉलेजात एका रेषेत विचार करायला शिकतो. दिलेला भार, दिलेलं मटेरियल, काढा जाडी. इथे तर दिलेलंच हलत होतं.

दुसरं उदाहरण मला त्याहून प्रिय आहे, कारण ते माझ्या टाक्यांचं आहे. स्पेसएक्सचं नवं महाकाय रॉकेट स्टारशिप आधी कार्बन फायबरचं होणार होतं, कारण हलकं म्हणजे चांगलं हे आम्हा सगळ्यांच्या हाडीमांसी भिनलेलं. २०१८ च्या अखेरीस त्यांनी ते सोडून स्टेनलेस स्टील घेतलं. नुसता किलोचा तक्ता पाहिलास तर हा वेडेपणा वाटेल. पण त्या जातीचं स्टील द्रव ऑक्सिजनच्या उणे १८३ अंशांना आणखी मजबूत होतं. वातावरणात परतताना होणाऱ्या आगीत कार्बन फायबरचे धागे धरून ठेवणारी रेझिन कधीच हार मानते, तिथे ते तग धरतं, म्हणून उष्णतारोधक आवरण कमी लागतं. शिवाय मोकळ्या मैदानात वेल्डिंग करता येतं. भागाचं वजन वाढलं, पण यानाचा हिशोब सुधारला. (पन्नासच्या दशकातल्या अ‍ॅटलास रॉकेटच्या टाक्याही स्टेनलेस स्टीलच्याच होत्या. जुनी कागदपत्रं वाचत जा.)

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी टाकीच्या एका कड्याचं वजन कमी करण्यात तीन आठवडे घातले होते. एका वयस्कर सहकाऱ्याने विचारलं, हा भार येतो कुठून? शोधलं तर तो उड्डाणातला नव्हताच. टाकी ट्रकवर आडवी ठेवताना खालच्या घोडीमुळे, म्हणजे आधाराच्या स्टँडमुळे, येत होता. आम्ही घोडी बदलली आणि कडंच गेलं. मी आज जे काही काम करते त्याची सुरुवात त्या प्रश्नापासून झाली.

म्हणून विद्यापीठ निवडताना रँकिंगच्या आधी एक बघ: तिथे विद्यार्थी अख्खं रॉकेट बांधतात का? स्टुटगार्टच्या हायएंड गटाने २०२३ मध्ये स्वीडनमधून आपलं हायब्रिड रॉकेट (इंधन घन, ऑक्सिडायझर द्रव) ६४ किलोमीटर उंचीवर नेलं. अशा गटात तुझ्या व्हॉल्व्हमुळे दुसऱ्याची टाकी बदलते, हे अंगवळणी पडतं.

फी: स्टुटगार्टला आपल्याला सत्राला १५०० युरो. म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीने २०२४ च्या हिवाळी सत्रापासून मास्टर्सला सत्राला ४००० ते ६००० युरो केली. व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (ज्यातून दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते) दाखवावे लागतात. आपली भारतीय पदवी तपासून मिळणाऱ्या एपीएस सर्टिफिकेटचा अर्ज सगळ्यात आधी टाक. पदवीनंतर नोकरी शोधायला अठरा महिने मिळतात, आणि त्यात जर्मन भाषेची बी-टू पातळी नसेल तर जीव मेटाकुटीला येतो. आत्तापासून क्लास लाव.

आणि मनापासून सांगते, हैदराबादचं स्कायरूट आणि चेन्नईचं अग्निकुल या आपल्याकडच्या रॉकेट कंपन्यांचाही विचार कर. अग्निकुलने मे २०२४ मध्ये एकसंध थ्री-डी प्रिंट केलेल्या इंजिनावर रॉकेट उडवलं. माझ्या वेळी हा पर्याय असता तर मी दोनदा विचार केला असता.

तुझ्या सीव्हीत 'ब्रॅकेटचं वजन १२ टक्के कमी केलं' असं आहे. तो ब्रॅकेट काय धरतो, त्यावरचा भार कुठून येतो, आणि ते यंत्र दुसरीकडे बसवलं तर ब्रॅकेट लागेल का, एवढं तीन ओळींत लिहून पाठव. मग तुझं एसओपी, म्हणजे प्रवेश अर्जासोबतचं उद्देशपत्र, आपण एकत्र वाचू.