फझी की पीआयडी? सर एक म्हणतात, बाबा दुसरंच

प्रश्न : मी इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी सर फझी लॉजिक (अंदाजी शब्दांतल्या नियमांवर चालणारं नियंत्रण) घे म्हणतात. बाबा चंद्रपूरकडच्या एका सिमेंट कारखान्यात किल्नवर (सिमेंटच्या भट्टीवर) ऑपरेटर आहेत. ते म्हणतात, "प्लांटमध्ये सगळं पीआयडीवर चालतं, तेच नीट शीक." नोकरीसाठी कोणाचं ऐकू?

उत्तर : आधी बाबांचं, मग सरांचं. पीआयडी म्हणजे हवं ते माप आणि प्रत्यक्ष माप यांतला फरक बघून व्हॉल्व्ह किंवा हीटर आपोआप कमी-जास्त करणारा कंट्रोलर. फ्लो, प्रेशर, लेव्हल यांचे बहुतेक लूप (मोजायचं आणि त्यावरून दुरुस्त करायचं, अशी साखळी) आजही पीआयडीवरच आहेत. पीआयडीचे आकडे जुळवायची, म्हणजे ट्युनिंगची, झिगलर-निकोल्सची रीत १९४२ची, पण अजून शिकवतात. मुलाखतीत न्यूरल नेटवर्कपेक्षा 'लूप हंटिंग करतोय (माप सारखं वर-खाली डुलतंय), आधी काय बघशील?' असं विचारण्याची शक्यता जास्त. उत्तर दर वेळी ट्युनिंग नसतं, पुष्कळदा व्हॉल्व्हच चिकटत असतो. मग फझी लावलं तरी लूप तसाच डुलणार.

आता बाबांना एक विचार : कोळसा किती वाढवायचा हे ते कसं ठरवतात? आत माल १४५० अंशांच्या आसपास तापलेला, धुळीमुळे तापमानाचं रीडिंग भरवशाचं नाही, आणि केलेल्या बदलाचा परिणाम उशिरा दिसतो. इथे एकट्या पीआयडीचं भागत नाही. 'बर्निंग झोन जरा गार वाटतोय, ऑक्सिजन ठीक आहे, तर कोळसा थोडा वाढव', यातला 'जरा' आणि 'थोडा' गणितात बसवायची सोय म्हणजे फझी लॉजिक. डेन्मार्कच्या एफ. एल. स्मिड्थ कंपनीने १९८०च्या सुमारास ते किल्नवर लावलं, तेही ऑपरेटरांच्या नियमांवरून. म्हणजे बाबा ज्याला नाकं मुरडतायत, ते त्यांच्याच डोक्यातलं आहे! अशा मांडणीत खालचे लूप सहसा पीआयडीचेच राहतात, फझी वरून त्यांचा सेटपॉइंट (गाठायचं माप) हलवतं.

प्रोजेक्ट तुलनेचाच कर, पण प्रामाणिक. मुलांचे असे प्रोजेक्ट मी बरेच पाहिलेत : फझीचे नियम महिनाभर घासलेले आणि पीआयडी एका दुपारी कसाबसा ट्यून केलेला. मग काय, फझी जिंकतंच. तू लॅबमधली गरम पाण्याची टाकी घे. दोन्हींना सारखा वेळ दे, दोन्ही वेळा गार पाण्याचा नळ तेवढाच उघड, आणि ओव्हरशूट (तापमान हव्या त्यापेक्षा किती वर गेलं), सेटलिंग टाइम (स्थिरावायला किती वेळ लागला) यांच्याबरोबर हीटरने खाल्लेली वीजही मोज. इतक्या साध्या टाकीवर पीआयडी जिंकेल असा माझा अंदाज आहे. जिंकला तर रिपोर्टमध्ये तसंच लिही, सरांना आवडो न आवडो.

आणि फझीचे नियम लिहायला बसण्याआधी एखाद्या सुट्टीला वही घेऊन बाबांच्या समोर बस.