दुखण्याचे नाव विचारा

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच तक्रारीची आहेत. पाळीचा किंवा ओटीपोटाचा त्रास वर्षानुवर्षे चालू आहे, दवाखाने बदलून झाले आहेत, पण नेमके काय झाले आहे हे कोणीही सांगितलेले नाही. त्यांतील तीन पत्रे येथे घेत आहे. पत्रलेखिकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार वगळली आहेत.

प्रश्न : माझे वय २७ आहे. वसमतला एका पतसंस्थेत नोकरी करते. नववीत असल्यापासून पाळीच्या वेळी पोट आणि कंबर असह्य दुखते. आता पाळीच्या आधी चार दिवसांपासूनच दुखणे सुरू होते आणि दर महिन्याला रजा घ्यावी लागते. लग्नाला तीन वर्षे झाली, अजून मूल नाही. नांदेडला दोन डॉक्टरांना दाखवले. सोनोग्राफी नॉर्मल आली. एकांनी वेदनाशामक गोळ्या दिल्या, दुसऱ्यांनी ‘बाळ झाले की आपोआप थांबेल’ असे सांगितले. सासूबाई म्हणतात, आम्हाला काय पाळी नव्हती का? हे सगळे माझ्या मनाचे खेळ आहेत का?

उत्तर : ताई, नाहीत. पाळीच्या पहिल्या दिवशी थोडे पोट दुखणे आणि पाळीपायी दर महिन्याला कामावर खाडा पडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीला साधी पाळी म्हणून सोडून देता येत नाही.

तुम्ही लिहिलेल्या लक्षणांवरून एंडोमेट्रिओसिसचा विचार व्हायलाच हवा. या आजारात गर्भाशयाच्या आतील अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर, म्हणजे बीजाशयांवर, ओटीपोटाच्या पडद्यावर, कधी आतड्यावर वा मूत्राशयावर वाढतात आणि तेथे सूज, चिकटपणा व वेदना निर्माण करतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जननक्षम वयातील सुमारे १० टक्के स्त्रियांना आणि मुलींना हा आजार असतो, म्हणजे तो दुर्मीळ मुळीच नाही. तरीही निदान व्हायला जगभर अनेक वर्षे लागतात. त्याचे एक मोठे कारण तुमच्या हातातील तो नॉर्मल अहवालच आहे. बीजाशयात रक्ताची गाठ झाली असेल किंवा आजार खोलवर गेला असेल, तर अनुभवी हाताने केलेल्या, विशेषतः योनिमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत तो दिसू शकतो. पण पडद्यावर पसरलेले लहान ठिपके सोनोग्राफीत बहुधा दिसतच नाहीत. म्हणून सोनोग्राफी नॉर्मल आली याचा अर्थ सोनोग्राफीत काही दिसले नाही एवढाच घ्यायचा, आजार नाही असा घ्यायचा नाही. गर्भारपणात पाळी बंद असल्यामुळे काहींचे दुखणे तेवढ्यापुरते कमी होते हे खरे, पण मूल होणे हा या आजाराचा उपचार नाही. उलट याच आजारामुळे काहींना मूल राहण्यात अडचण येते, म्हणून तुमच्या बाबतीत तर तपासणी आणखी लांबवू नये.

आता डॉक्टरांनी ऐकावे म्हणून काय करायचे, हा तुमच्या पत्रामागचा खरा प्रश्न. गर्दीच्या ओपीडीत एका रुग्णाला काही मिनिटेच मिळतात, आणि ‘खूप दुखते’ हे वाक्य डॉक्टर दिवसभर ऐकत असतात. घरातील ज्या दिनदर्शिकेवर आपण दुधाचे खाडे मांडतो, तिच्यावरच पुढील तीन महिने पाळीची नोंद करा. दुखणे कोणत्या तारखेला सुरू झाले, शून्य ते दहापैकी किती होते, कोणती गोळी किती वाजता घेतली, तिने किती तास आराम पडला, कोणत्या दिवशी कामावर जाता आले नाही, हे त्या त्या चौकोनात लिहा. शौचाच्या वा लघवीच्या वेळी दुखले, तर तेही लिहा. संबंधाच्या वेळी आत खोलवर दुखत असेल, तर ती गोष्ट या निदानासाठी फार महत्त्वाची आहे, आणि बहुतेक स्त्रिया नेमकी तीच गाळतात, कारण खोलीत सासूबाई किंवा दीर उभे असतात. ‘मला डॉक्टरांशी पाच मिनिटे एकटीने बोलायचे आहे’ असे आत शिरतानाच सांगा. नर्सताईंना आधी सांगून ठेवले तर आणखी सोपे जाते.

डॉक्टरांसमोर बसल्यावर पहिले वाक्य असे असू द्या : ‘मला बारा-तेरा वर्षांपासून पाळीत दुखते, आता ते पाळीच्या आधीपासून सुरू होते, दर महिन्याला रजा घ्यावी लागते, आणि तीन वर्षांत गर्भ राहिलेला नाही.’ एवढ्या एका वाक्यात निदानाची निम्मी सामग्री आहे. मग शांतपणे विचारा : ‘सोनोग्राफीत न दिसणारा एंडोमेट्रिओसिस मला असू शकतो का? नसेल, तर तुम्हाला तो कशावरून वाटत नाही?’ आणि निघण्यापूर्वी : ‘या औषधाने तीन महिन्यांत फरक पडला नाही, तर पुढची पायरी कोणती?’ यांतील एकही प्रश्न उद्धटपणाचा नाही, आणि चांगल्या डॉक्टरांना त्यांचा राग येत नाही. पुढील तपासणीची गरज नाही असे त्यांचे मत असेल, तर ते मत कारणासह केसपेपरवर लिहून देण्याची विनंती करा. लिहायची वेळ आली की विचार पुन्हा एकदा केला जातो, असा माझा अनुभव आहे.

उपचार सुरू करण्यासाठी प्रत्येक वेळी दुर्बिणीची शस्त्रक्रिया लागते असेही आता राहिलेले नाही. लक्षणांवरून औषधे सुरू करता येतात. परंतु हार्मोनच्या गोळ्या चालू असेपर्यंत सहसा गर्भ राहत नाही, तेव्हा मूल हवे आहे हे पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगा, म्हणजे उपचाराची दिशा त्याप्रमाणे ठरेल. आणि वंध्यत्वाची तपासणी तुमच्या एकटीची होऊ नये. पतीची वीर्यतपासणी साधी व स्वस्त असते, ती सुरुवातीलाच व्हावी.

प्रश्न : मी बारावीत शिकते. आमचे गाव केज तालुक्यात आहे. आई-वडील दर वर्षी ऊसतोडीला जातात. आईचे वय ३५ आहे. दोन वर्षांपासून तिच्या अंगावरून महिन्याला दहा-बारा दिवस जाते, गाठी पडतात, चक्कर येते, पांढरेही जाते. खासगी दवाखान्यात सोनोग्राफी केली. ‘पिशवीला सूज आहे, काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल’ असे सांगितले. वडील मुकादमाकडून जास्तीची उचल घेऊन फडावर जाण्याआधी ऑपरेशन करायचे म्हणतात. आईही तयार आहे, कारण शेजारच्या काकूंनी आणि माझ्या मावशीने पिशवी काढली आहे. मला भीती वाटते. काय करू?

उत्तर : बाळ, तू हे पत्र लिहिलेस याचे मला फार समाधान वाटले. तुझी भीती अनाठायी नाही. तुमच्या बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय म्हणजे पिशवी काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळापर्यंत गेला, राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. त्यांत तिशी-पस्तिशीतील स्त्रिया होत्या. त्यानंतर बीड जिल्ह्यात खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणे बंधनकारक करण्यात आले. अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने तयार केलेली मार्गदर्शक तत्त्वे लागू करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये सर्व राज्यांना दिला. म्हणजे ‘ही परवानगी घेणार आहात का?’ असे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

आईच्या त्रासाकडे मात्र मुळीच दुर्लक्ष करू नका. दहा-बारा दिवस रक्तस्राव, गाठी आणि चक्कर ही गंभीर लक्षणे आहेत. प्रश्न एवढाच आहे की, तो कशामुळे होतो हे अजून कोणी शोधलेलेच नाही. वरच्या पत्रातील वसमतच्या ताईंना ‘काही नाही’ म्हणून परत पाठवले आणि तुझ्या आईला थेट ‘काढून टाका’ असे सांगितले. दोघींनाही आजाराचे नाव सांगितले गेले नाही. ‘पिशवीला सूज’ हे निदान नव्हे. ती गर्भाशयातील फायब्रॉइडची गाठ आहे, अस्तर स्नायूत शिरण्याचा अ‍ॅडेनोमायोसिस आहे, जंतुसंसर्ग आहे, हार्मोनचे असंतुलन आहे की थायरॉइडचा दोष आहे, हे ठरले पाहिजे, कारण यांतील प्रत्येकाचा उपचार वेगळा आहे. तांबी बसवलेली असेल, तर तिच्यामुळेही रक्तस्राव वाढू शकतो.

कॅन्सरच्या भीतीविषयी स्पष्ट लिहिते, कारण याच भीतीपोटी बायका टेबलावर चढतात. पांढरे जाण्याचे रूपांतर कॅन्सरमध्ये होत नाही. ते बहुधा संसर्गामुळे असते, औषधांनी बरे होते, आणि काही संसर्गांत नवऱ्यालाही औषध घ्यावे लागते. त्याने घेतले नाही, तर आईला तो पुन्हा होईल. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर जवळजवळ नेहमी एचपीव्ही या विषाणूच्या दीर्घकाळ टिकलेल्या संसर्गातून होतो, आणि तिशीनंतर त्याची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. मुखाला सौम्य अ‍ॅसिटिक आम्ल लावून रंग बदलतो का ते पाहतात. त्याला काही मिनिटे पुरतात. कॅन्सरचे नाव घेणाऱ्याने निदान एवढी तपासणी केली होती का, हे विचार.

आईला अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात स्त्रीरोग विभागात ने. सोनोग्राफीचा अहवाल आणि जुन्या चिठ्ठ्या सोबत घे. खासगी दवाखाना कागद देत नसेल, तर लेखी मागणी कर; मागणीनंतर ७२ तासांत वैद्यकीय नोंदी देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. अंबाजोगाईला हिमोग्लोबिन, थायरॉइड, गर्भ नसल्याची खात्री आणि आतून तपासणी या गोष्टी व्हाव्यात. हिमोग्लोबिन १२च्या खाली असेल तर रक्तक्षय आहे आणि ८च्या खाली असेल तर तो तीव्र आहे. आई कदाचित ‘बरं वाटत नाही’ एवढेच म्हणेल, म्हणून तू सांग : दिवसाला किती कापडे बदलावी लागतात, रात्री उठून बदलावे लागते का, गाठी केवढ्या असतात, पाण्याची घागर उचलताना दम लागतो का. तू जवळ राहतेस, तुला हे सगळे दिसते, आणि डॉक्टरांना हेच हवे असते.

रक्तस्राव कमी करण्यासाठी पाळीच्या दिवसांत घ्यायच्या ट्रॅनेक्झॅमिक आम्लाच्या गोळ्या असतात, हार्मोनच्या गोळ्या असतात, आणि गर्भाशयात बसवायचे हार्मोनयुक्त साधन असते, जे किमान पाच वर्षे काम करते. फडावर वर्षातले पाच-सहा महिने काढणाऱ्या, रोजची गोळी सांभाळणे अवघड असलेल्या बाईला ते विशेष सोयीचे ठरते. आपल्याकडे त्याचा उल्लेखही फारसा होत नाही, म्हणून त्याबद्दल स्वतःहून विचार. लोहाच्या गोळ्या चहाबरोबर घेऊ नयेत, लिंबूपाण्याबरोबर घ्याव्यात.

हे सर्व करूनही रक्तस्राव थांबला नाही, किंवा गाठी मोठ्या असल्या, तर शस्त्रक्रिया योग्य ठरू शकते आणि तेव्हा ती करून घेण्यात काहीही चूक नाही. पण त्या वेळी ‘दोन्ही बीजाशये ठेवणार ना?’ हा प्रश्न सही करण्यापूर्वी विचारा. पस्तिशीत बीजाशये काढली, तर अंगातील इस्ट्रोजेन एकाएकी संपते, अंगात वाफा येतात, झोप उडते, हाडे लवकर ठिसूळ होतात, आणि ज्या बाईला उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढायचे आहे तिला याची किंमत फार मोठी मोजावी लागते. शस्त्रक्रियेनंतर किमान दीड-दोन महिने जड ओझे उचलायचे नसते. हंगामाच्या तोंडावर, तेही उचल वाढवून ऑपरेशन केले, तर ती विश्रांती आईला कोण देणार, हे वडिलांना शांतपणे विचार. ते वाईट माणूस आहेत म्हणून घाई करत नाहीत. फडावर आई आजारी पडली तर कोयता, म्हणजे दोघांचे जोडीने चालणारे तोडणीचे काम, बंद पडेल ही त्यांची धास्ती आहे. त्यांना दवाखान्यात सोबत घेऊन जा आणि डॉक्टरांचे म्हणणे त्यांच्या कानांनी ऐकू दे.

तासाला एक कापड भिजू लागले, किंवा आईला घेरी येऊन छातीत धडधड झाली, तर तारखेची वाट न पाहता १०८ला फोन करून लगेच रुग्णालय गाठ.

प्रश्न : वय ५४, औसा तालुका. पाळी जाऊन चार वर्षे झाली. दोन महिन्यांपासून मधूनच कपड्याला लाल डाग दिसतो. गावातील डॉक्टर पुरुष असल्यामुळे लाज वाटली, म्हणून ‘अशक्तपणा आहे’ असे सांगितले. त्यांनी सलाइन लावले. सून म्हणते, उष्णतेमुळे असेल. थांबून पाहू का?

उत्तर : थांबू नका. पाळी बंद होऊन एक वर्ष उलटल्यानंतर एकदा जरी डाग दिसला, तरी तपासणी झालीच पाहिजे. बहुतेक जणींमध्ये कारण साधे निघते, आतील त्वचा कोरडी व पातळ झाल्यामुळेही डाग पडतो. परंतु साधारण दहातील एकीमध्ये गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर सापडतो, आणि तो लवकर सापडला तर बरा होण्याची शक्यता खूप चांगली असते. सलाइनने यातील काहीही कळणार नाही.

लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात केसपेपर काढतानाच ‘पाळी गेल्यावर रक्त जाते’ एवढे चार शब्द सांगा. हे शब्द तोंडातून निघत नसतील, तर सुनेकडून चिठ्ठीवर लिहून घ्या आणि ती चिठ्ठी डॉक्टरांच्या हातात द्या. महिला डॉक्टर मागता येतात. त्या दिवशी त्या नसतील, तर तपासणीच्या वेळी नर्स किंवा तुमची सून शेजारी उभी असावी हा तुमचा हक्क आहे. सोनोग्राफीत अस्तराची जाडी मोजतील आणि गरज वाटली तर अस्तराचा छोटा तुकडा तपासणीला पाठवतील. त्या तुकड्याचा अहवाल आणायला ठरलेल्या दिवशी नक्की जा. मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर त्यांची पाकिटे पिशवीत घालून सोबत न्या, आणि पुढच्या बाजाराच्या दिवसावर न ढकलता याच आठवड्यात जा.