एलिव्हेशन नंतर, आधी जमीन

जुन्या कारखान्याच्या जागेवर घरं बांधायची, तर एलिव्हेशनचं, म्हणजे इमारतीच्या दर्शनी बाजूचं, स्केच बाजूला ठेव, आधी त्या प्लॉटवर पूर्वी काय चालायचं ते शोधून काढ. रंगकाम किंवा धातू धुण्याचं काम असेल तर मातीत शिसं, तेल, सॉल्व्हंट (रंग पातळ करायचं किंवा ग्रीस धुवायचं द्रव) मुरलेलं असू शकतं. सॉल्व्हंटची वाफ स्लॅबच्या भेगांतून, पाइपाभोवतीच्या फटींतून तळमजल्यावर चढते. म्हणून माती आणि भूजलाबरोबर मातीतल्या वायूचीही तपासणी करून घे. बेसमेंट करायचं की नाही, हे त्या अहवालावर ठरव. जुन्या यंत्रांचे पाये, पुरलेल्या टाक्या कुठे आहेत तेही बघ, नाहीतर पायलिंग, म्हणजे पायासाठी जमिनीत खोल खांब घालण्याचं काम, तिथेच अडतं.

आणि जुन्या कारखान्यांचं ते करवतीच्या दात्यांसारखं छप्पर नुसतं शोभेला चिकटवू नकोस! उत्तर गोलार्धात त्याच्या काचा उत्तरेला असायच्या, ऊन टाळून सारखा उजेड मिळावा म्हणून. जिन्याला तसा उजेड मिळत असेल तर जरूर कर. शेजारचं वर्कशॉप अजून चालू असेल तर बेडरूम त्या बाजूला नकोच.