पाठलागातील गोळीबार: कलम १६१ ची मुदत संपत आली आहे

ऐरोलीच्या एका भगिनीने लिहिले आहे की, ठाणे-बेलापूर रस्त्यावरील नाकाबंदीत न थांबता त्यांच्या धाकट्या भावाने गाडी पुढे दामटली, पोलिसांनी पाठलाग करून गोळी झाडली आणि ती त्याच्या मांडीत शिरली. आता त्याच्यावरच खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा दाखल आहे. घटनेला साडेचार महिने झाले. पोलीस आयुक्तालयात एक अर्ज दिला आहे आणि ‘दोषारोपपत्र येऊ द्या, मग पाहू’ या कुणाच्या तरी सल्ल्यावर कुटुंब थांबले आहे. अशी पत्रे मला वरचेवर येतात आणि जवळपास प्रत्येकात हेच थांबणे असते.

गोळीबार समर्थनीय होता का, हे पुराव्यावर ठरेल. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४३ अटकेसाठी आवश्यक ते सर्व उपाय योजू देते. मात्र ज्याच्यावर मृत्युदंड किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा आरोप नाही, त्याचा मृत्यू घडवण्याचा अधिकार ते देत नाही. खुनाच्या प्रयत्नात कुणाला दुखापत झाली असेल तर जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते, म्हणून तो आरोप गोळीबारापूर्वीच्या कोणत्या कृतीवर आधारला आहे, हे फिर्यादीत बारकाईने वाचा. गाडी अंगावर आली, असा बचाव पोलीस घेतील. त्याला उत्तर गोळी मागून शिरली की समोरून, यातच बहुधा सापडेल. त्यामुळे वैद्यकीय कागद आणि गाडीवरील छिद्रांची छायाचित्रे जपा. रस्त्यालगतच्या दुकानांचे सीसीटीव्ही चित्रण पहिल्याच आठवड्यात लेखी मागायला हवे होते. ते आता उरले असेलच असे नाही.

निर्णायक तरतूद मात्र महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम १६१ ची आहे. कर्तव्याच्या नावाखाली किंवा कर्तव्याची मर्यादा ओलांडून केलेल्या कृत्याबद्दलचा खटला अथवा दावा, कृत्याच्या तारखेपासून सहा महिन्यांनंतर दाखल केल्यास न्यायालय तो ऐकत नाही. कोठडीतील मारहाणीला हे संरक्षण नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्ये आत्माराम प्रकरणात म्हटले. परंतु पाठलागातील गोळीबार कर्तव्याशी इतका जवळचा आहे की त्या निकालावर विसंबणे धोक्याचे ठरेल. राज्य सरकारच्या पूर्वमंजुरीने दोन वर्षांपर्यंत खटला भरता येतो, पण अशा मंजुरीची वाट पाहत बसलेल्यांचे काय होते, ते मी पाहिले आहे. आयुक्तालयातील अर्जाने ही मुदत थांबत नाही. मानवी हक्क आयोगाकडे एक वर्षापर्यंत जाता येते, मात्र तिथे गेल्यानेही ती थांबत नाही.

म्हणून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २२३ खालील खासगी फिर्याद, म्हणजे थेट न्यायालयात केलेली तक्रार, बेलापूरच्या दंडाधिकाऱ्यांकडे आताच दाखल करा. दखल घेण्यापूर्वी न्यायालय वरिष्ठ अधिकाऱ्याचा अहवाल मागवील आणि त्यात महिने जातील. तो विलंब न्यायालयाचा असेल, तुमचा असता कामा नये. उच्च न्यायालयात राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली भरपाई मागण्याचा मार्ग वेगळा आहे आणि तो बंद झालेला नाही, पण तथ्यांवर वाद असेल तर तिथे काय होईल, हे आज सांगता येत नाही.

भरपाईचा दिवाणी दावा लावायचा असेल तर कलम १६१ नुसारच संबंधित अधिकाऱ्याला किमान एक महिन्याची नोटीस द्यावी लागते. नोटिशीचा महिना मुदतीतून वगळला जाईल, असे गृहीत धरू नका. साडेचार महिने गेल्यावर नोटीस पोहोचवण्यासाठी तुमच्याकडे जेमतेम पंधरा दिवस उरतात. वकीलपत्रावर याच आठवड्यात सही करा.