ठाण्यातल्या आमच्या कॉलेजात सर्वधर्म संवादाचा गट सुरू झालाय. मुस्लीम विद्यार्थिनी म्हणून मी जावं का? घरच्यांना ईमानाची, म्हणजे माझ्या श्रद्धेची, काळजी वाटते.

जरूर जा. मी मुंब्र्याजवळच्या कौशातली, कोकणी मुसलमान घरातली. ठाण्यात शिकताना अशाच एका गटात होते, म्हणून सांगते.

घरच्यांच्या काळजीचं उत्तर दीनमध्येच, म्हणजे आपल्या धर्मातच आहे. माणसांची कुळं आणि जमाती केल्या त्या एकमेकांना ओळखण्यासाठी, असं सूरह हुजुरातच्या १३ व्या आयतीत आहे. नजरानचे ख्रिस्ती लोक मदिनेला आले तेव्हा पैगंबरांनी त्यांना मशिदीतच त्यांची प्रार्थना करू दिली, असं सीरतमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या चरित्रात येतं. अकीद्यावर, म्हणजे मूळ श्रद्धेवर, एकमत झालं नाही, तरी बोलणं झालंच. अब्बांना हे सांगून बघा.

खरी अडचण वेगळीच आहे. गटात तुम्ही एकट्याच मुस्लीम असाल, तर तलाकपासून दहशतवादापर्यंत सगळे प्रश्न तुमच्याच अंगावर येतील. अख्ख्या कौमची वकिली करायला जाऊ नका. आपलं घर, आपला मोहल्ला, आपलं मत, एवढंच बोला. आमच्याकडे एकाने विचारलं, तुमच्यात बायका मशिदीत का जात नाहीत? मी आमच्या मोहल्ल्यात काय चालतं आणि मला त्यातलं काय खटकतं ते सांगितलं. मग शेजारी बसलेली मुलगी हळूच म्हणाली, पाळीत मला देवघरात जाऊ देत नाहीत, लोणच्याच्या बरणीलाही हात लावू देत नाहीत. मी म्हटलं, आम्हाला त्या दिवसांत नमाज माफ असते, रोजे नंतर भरून काढायचे, पण स्वयंपाक काही सुटत नाही! त्या दिवशी आम्ही मुली पहिल्यांदा मोकळेपणाने बोललो, आणि मुलगे निमूटपणे ऐकत होते.

नुसता शिरखुर्मा, शाल-श्रीफळ आणि ग्रुप फोटो असेल तर मात्र वेळ घालवू नका. नियमित भेटणारा गट हवा. १९७० आणि १९८४ च्या दंगलींत होरपळलेली भिवंडी १९९२-९३ मध्ये मुंबई दंगलींनी पेटली तेव्हा शांत राहिली. तिथे १९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या होत्या, आणि त्यांत दोन्हीकडची माणसं एरवीही भेटत होती. त्याच काळात मुंबईतून उठून मुंब्र्यात आलेली कुटुंबं तुमच्याही ओळखीची असतील, त्यांच्याशी बोलून जा.

आणि वेळेचं पहिल्याच बैठकीत ठरवून घ्या: शुक्रवारची दुपार नको, आणि रमजानमध्ये इफ्तारीआधी घरी पोचवणारी लोकल मिळायला हवी.